स्लॅब गळतोय, मेस्त्रीचे राहिलेले पैसे देऊ का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. बेळगावात पावसानं जोर धरला की माझा फोन वाजायला लागतो. अनगोळ, वडगाव, येळ्ळूर, कधी थेट खानापूर. प्रश्न बहुतेक हाच असतो: "ताई, नवा स्लॅब गळायला लागलाय. मेस्त्रीचे राहिलेले पैसे देऊ का नको?" मी बांधकामांवर देखरेख करते, म्हणून मला विचारतात.

पैशाचं नंतर बघू. आधी एक करा, दोष झाकू देऊ नका.

तक्रार केली की मेस्त्री येतो, येत नाही असं नाही. येताना केमिकलचा डबा आणतो, वरून ब्रश फिरवतो आणि खालच्या डागावर पुट्टी आणि रंग मारतो. दिवाळीला छत स्वच्छ दिसतं, आपण हिशेब चुकता करतो. पुढच्या पावसात पाणी दुसऱ्याच कोपऱ्यातून उतरतं. तोवर सळई भिजत असते. सळई गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट फोडून पाडते. त्या वेळी भेग कुठली, चूक कुणाची, हे सांगायला काहीच शिल्लक नसतं. मला राग येतो तो या रंगरंगोटीचा. चूक कुणाच्याही हातून होते, पण ती झाकली की दुरुस्तीची वाटच बंद होते.

अनगोळच्या एका घरातलं सांगते. वरच्या खोलीत भिंतीलगत ओल आली होती. मेस्त्रीचं म्हणणं, सगळा कोबा, म्हणजे गच्चीवरचा पाणी अडवणारा थर, काढून नवा करायला हवा आणि त्याचे पैसे वेगळे. काकू घाबरून हो म्हणायच्या बेतात होत्या. मी म्हटलं, "मेस्त्री, आधी पाणी साठवून बघूया. तुम्हीही थांबा." पावसानं उघडीप दिली तेव्हा गच्चीवरच्या पाइपाच्या तोंडाभोवती मातीचा छोटा बांध घातला आणि बाकीच्या गच्चीत दोन इंच पाणी सोडलं. रात्रभर पाणी तसंच उभं, खाली एक थेंब नाही. दुसऱ्या दिवशी बांधाच्या आत, पाइपाभोवती पाणी भरलं. दुपारी खालच्या भिंतीवर ओल चढायला लागली. पाइपाच्या कडेला हातोडी मारली तर पोकळ आवाज आला. छिन्नी लावली तसा मसाला भुगा होऊन निघाला. स्लॅब झाल्यावर भोक पाडून पाइप बसवला होता आणि फट कोरड्या मसाल्यानं नुसती बुजवली होती. मेस्त्री गप्प उभा होता. मग म्हणाला, "काकू, हे माझ्या पोरानं केलंय, मी करून देतो." पाइपाभोवतीचं फोडून, साफ करून, आकसत नाही असा ग्राउट (फटीत भरायचा सिमेंटचा पातळ मसाला) भरला आणि वर कडेला गोलाई काढली. कोब्याला हातही लावावा लागला नाही.

प्रत्येक वेळी दोष इतका सोपा नसतो. आपल्याकडे सगळ्यांना पावसाच्या आत स्लॅब टाकायचा असतो, म्हणून एप्रिल-मे महिन्यात गर्दी. तेव्हाच ऊन कडक, आणि राकसकोप-हिडकल धरणांचं पाणी नळाला रोज येत नाही. मग पाणी मारण्यात काटकसर होते. काँक्रीटच्या कामाचे नियम सांगणाऱ्या भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस ओल हवी, उन्हाळ्यात किमान १०. हल्ली बहुतेक ठिकाणी पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट वापरतात, त्याला १४ दिवस द्यावेत. उलट स्लॅब ओतताना मात्र माल पळावा म्हणून मिक्सरमध्ये पाणी वाढवतात. ५० किलोच्या पोत्याला साधारण २५ लिटर पाणी पुरे. त्याहून जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि आत बारीक पोकळ्या ठेवतं. अशा स्लॅबला डब्यातलं केमिकल वाचवत नाही. तिथे मेस्त्रीशी वाद घालण्याआधी एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला आणा आणि त्याच्याकडून लेखी अहवाल घ्या.

आता पैसे. सगळे अडवून ठेवू नका. मेस्त्रीलाही त्याच्या माणसांची हजेरी भागवायची असते, आणि ती माणसं पुष्कळदा विजापूर-बागलकोटकडून घर सोडून आलेली असतात. झालेल्या चांगल्या कामाचे पैसे द्या, दुरुस्तीपुरते राखून ठेवा. किती आणि कशासाठी राखले, हे दोघांच्या सहीनं कागदावर आणा. नवं काम देणार असाल तर पहिल्यापासूनच ठरवा, १० टक्के रक्कम एक पावसाळा गेल्यावर. चांगला मेस्त्री याला नाही म्हणत नाही.

फोनच उचलत नसेल तर तारीख घालून लेखी नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा: दोष काय, कुठे, किती दिवसांत दुरुस्ती हवी. तरी आला नाही तर ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी 'सेवा' धरली आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार बेळगावच्या जिल्हा आयोगात होते, ५ लाखांपर्यंत फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. दोष निर्माण झाल्यापासून २ वर्षांच्या आत मात्र जायला हवं. आधी विचारायचं असेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. आपली पावती, कच्चं बिल, वहीतला करार बहुधा मराठीत असतो. आयोगाचं काम कन्नड किंवा इंग्रजीत चालतं, तेव्हा भाषांतर जोडूनच द्या. आणि एक अडचण लक्षात ठेवा. तुम्ही गवंडी रोजच्या हजेरीवर ठेवून, स्वतः उभं राहून काम करून घेतलं असेल, तर कायदा त्याला व्यक्तिगत सेवेचा करार मानू शकतो आणि मग आयोगात दाद मिळणं अवघड जातं. ठेका देऊन केलेलं काम तिथे टिकतं. म्हणून कितीही ओळखीचा मेस्त्री असला तरी ठेक्याचा कागद करा, नात्यातला असला तर नक्कीच करा.

दुसरा माणूस बोलावून दुरुस्ती करणार असाल तर त्यानं छिन्नी लावण्याआधी फोटो काढा, फोडताना काढा, बुजवण्याआधी पुन्हा काढा. त्याचं बिल पक्कं घ्या आणि कुठे काय सापडलं ते त्याच्याकडून दोन ओळींत लिहून घ्या.