हँडब्रेकचे दुखणे ड्रममध्ये होते
आमच्या १४ वर्षे जुन्या डिझेल एसयूव्हीचा हँडब्रेक गेल्या दोन पावसाळ्यांत ३ वेळा ढिला पडला, आणि प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये लिव्हरखालचा, केबल ताणणारा नट आवळून गाडी परत मिळाली. महिनाभर ठीक चाले. मग ताम्हिणी घाटातल्या चढावर गाडी उभी केली की ती हळूच मागे सरके, आणि चाकाखाली दगड लावल्याखेरीज आई खाली उतरायला तयार होत नसे.

चौथ्या वेळी मी मागचे दोन्ही ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारे ब्रेकचे गोल डबे, उघडायला लावले. आमच्या गाडीत हँडब्रेकची केबल पायाच्या ब्रेकचेच शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या अर्धगोल पट्ट्या) ओढते, त्यामुळे शूवरचा घर्षणाचा थर, म्हणजे लायनर, झिजून ड्रमपासूनचे अंतर वाढले की लिव्हर अधिकाधिक वर ओढावा लागतो. ते अंतर आपोआप भरून काढणारा अ‍ॅडजस्टर गंजून घट्ट बसला होता. शिवाय केबल आधीच ताणून ठेवली की शू मूळ जागी परत येत नाहीत आणि चांगला अ‍ॅडजस्टरही नीट काम करत नाही. म्हणून आधी ड्रममधले अंतर आणि मगच केबल, हाच क्रम योग्य आहे. त्यात अर्धा दिवस गेला तरी तो जाऊ द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

डाव्या केबलच्या फाटक्या आवरणातून पाणी शिरून ती गंजली होती आणि लिव्हर सोडल्यावरही अडकून राही; ते चाक गरम का होते, हेही तेव्हाच उलगडले. दोन्ही केबल आणि लायनर बदलल्यापासून गाडी लिव्हरच्या सहाव्या खटक्याला चढावर ठाम उभी राहते. तरीही तोंड चढाकडे असेल तर पहिला आणि उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअर मी टाकूनच ठेवतो.