आधी जित्राबं, मग माणसं

मी गावच्या दूध संस्थेत टेस्टर आहे. सकाळ-संध्याकाळ फॅट काढायची, वहीत लिहायची आणि पावती द्यायची, एवढंच काम. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठावर आमचं गाव. कुणाच्या दारात किती म्हशी, त्यातली आटलेली कुठली, गाभण कुठली, कुणी काल गुपचूप बाजार दाखवला, हे मला शेजाऱ्यांच्या आधी कळतं. दूध कमी झालं की नुसतं "का ओ?" म्हणायचं. माणूस काहीबाही सांगतो, पण फॅटचा आकडा खोटं बोलत नाही.

ही वही महापुरात उपयोगी पडेल, हे २०१९ पर्यंत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

आमच्याकडं पाण्याचा पहिला निरोप नृसिंहवाडीहून येतो. दत्ताच्या देवळात शिरलेलं पाणी दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, म्हणजे दक्षिणद्वार झालं, की लोक स्नानाला पळतात. माझे सासरे स्नान करून आले की ओल्या धोतरानंच गोठ्यात जायचे. गोठ्याच्या खांबावर त्यांनी २००५ च्या पाण्याची रेघ खिळ्यानं कोरून ठेवली होती. ऑगस्ट २०१९ ला आमच्या गल्लीनं त्या रेघेवर भरवसा ठेवला. त्या खेपेला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आमची रेघ बुडाली तेव्हा रात्र होती आणि लाईट गेलेली.

दुसऱ्या दिवशी रबरी बोट आली. बोटीत माणसं घेतात, म्हशी घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, मावणार कुठं? पण शेजारच्या आक्का गोठ्यात कमरेभर पाण्यात म्हशीच्या गळ्याला हात टाकून उभ्या. जवान हिंदीत विनवत होता. आक्का मला म्हणाल्या, "तू जा बाई पोरं घिऊन. ही गाभण हाय, हिला सोडून मी कुठं जाऊ?"

पुढं टीव्हीवर ऐकलं, पूरग्रस्त ऐकत नाहीत, हट्टीपणा करतात. मला आजही त्याचा राग येतो. नवरा गेल्यापासून आक्कांचं घर त्या एका म्हशीवर चालतं. दहा दिवसांचं दुधाचं बिल त्या पातळाच्या ओच्यात बांधून नेतात. त्यांना बोटीत घालायचं असेल तर आधी म्हशीचं काय ते सांगायला हवं होतं, आणि ते सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून माणसं शेवटच्या घडीपर्यंत थांबली. शेवटच्या घडीला धोका किती असतो ते त्याच आठवड्यात पलूसच्या ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

आक्कांची म्हैस वाचली, कारण माझ्या धाकट्या दिरानं विळ्यानं दावं कापलं आणि तिच्याबरोबर पोहत वरच्या रस्त्यापर्यंत गेला. म्हैस पोहते. दाव्याला बांधलेली म्हैस पोहत नाही. पाणी उतरल्यावर गोठ्यागोठ्यातून जे निघालं ते मी इथं लिहीत नाही.

आमच्या दोन वाहून गेल्या. एक चौथ्या दिवशी खालच्या गावात सापडली. आमच्या घरात बेंदराला बैलांसारखीच म्हशींचीही शिंगं रंगवतात. एक शिंग हिरवं, एक गुलाबी, पोरांची हौस. त्या गावातल्या कुणीतरी फोटो पाठवला आणि मी रंगावरून ओळखली. दुसरी मिळालीच नाही. पंचनाम्याला आले त्यांनी विचारलं, मेलेलं जनावर कुठाय? वाहून गेलेलं दाखवणार कसं? तेव्हा वही काढली. पाणी यायच्या आदल्या सकाळपर्यंतचं दूध तारखेनिशी लिहिलेलं, कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर शेवटच्या पानावर. तेव्हाच्या निकषानं दुभत्या म्हशीला ३०,००० रुपये, घरटी तीन जनावरांपर्यंत. बाजारात चांगली मुऱ्हा म्हैस लाखाच्या खाली मिळत नाही. असो.

माझं माहेर आटपाडीचं. त्याच वर्षी तिकडं दुष्काळाच्या चारा छावण्या लागल्या होत्या, भाऊ छावणीत जनावरं घेऊन राहिला होता. दिवाळीला तो आला तेव्हा मी विचारलं, शे-दोनशे जनावरं एका जागी ठेवायची तर आधी काय लागतं? म्हणाला, "मांडव नंतर. पहिली पाण्याची टाकी." मी हसले. चहूकडं पाणीच पाणी आणि टाकी कशाला? पण पुराचं पाणी जनावराला पाजत नाहीत, हे खरंच आमच्या लक्षात नव्हतं.

मग पुढच्या पुरासाठी वहीवरून यादी केली. गाभण आणि ताज्या व्यालेल्या पहिल्या खेपेला. कुणाच्या ट्रॉलीत कुणाच्या म्हशी. वरच्या माळावर कोण कुठं बांधणार. इथं फार भांडणं झाली, कारण काही म्हशींचं एकमेकींशी जमत नाही आणि काही मालकांचं तर त्याहून नाही. मुरघासाच्या, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, बॅगा मेमध्येच माळावर टाकायच्या. घटसर्प-फऱ्याची लस पावसाच्या आत. आणि धारा कोण काढणार? दोन दिवस धार चुकली की कास दगडी होते, म्हणून प्रत्येक रांगेला दोन बायका नेमल्या. त्यात आक्का होत्या.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. ह्या खेपेला खांबावरच्या रेघेकडं कुणी बघितलं नाही. दक्षिणद्वार झाल्याचं कळलं त्या संध्याकाळीच पहिली ट्रॉली निघाली. सगळं सुरळीत झालं असं नाही. एक ट्रॉली चिखलात रुतली, टाकीचा नळ पहिल्याच रात्री तुटला आणि टँकर बंद असल्यानं दूध न्यायला कुणी नव्हतं. शाळेत उतरलेल्या माणसांना ते चहाला दिलं, उरलेल्याचा बायकांनी खवा आटवला. पण गल्ली रिकामी करायला बोट लागली नाही. जनावरांच्या मागोमाग माणसं आपण होऊन चालत माळावर गेली. आक्का तर ट्रॉलीतच बसल्या, म्हशीशेजारी.

कुत्र्यांचं मात्र आम्ही विसरलो होतो. साखळीला बांधलेली दोन राहिली. एकाला पोरांनी पत्र्यावरून काढलं. आता यादीत तोही रकाना आहे, शेळ्यांचा आहे. कोंबड्यांचं काय करायचं यावर अजून एकमत नाही; प्रत्येकीचं म्हणणं, आमच्या खुराड्यात दुसरीच्या नकोत.

परवा आक्का दूध घालायला आल्या. पावती घेतली आणि तिथंच उभ्या राहिल्या. म्हटलं, "काय झालं?"

"यादीत माझी एकच हाय न्हवं? दोन कर. रेडी झालीया."