शून्य शिल्लक दाखवणाऱ्या डिस्कमधले दोनशे गीगाबाइट

सदाशिव पेठेतील एका जुन्या वाचनालयाच्या दिवाळी अंकांचे स्कॅनिंग मी गेली दोन वर्षे करीत आहे. हे स्कॅन ४ टेराबाइटच्या एका हार्ड डिस्कवर, लिनक्सच्या एक्स्ट-४ या फाइलसिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत, साठवले जातात. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी संध्याकाळी कॉपी मध्येच थांबली आणि डिस्कवर जागा उरली नसल्याचा संदेश आला. शेवटची फाइल उघडून पाहिली, तेव्हा मुखपृष्ठाचा वरचा भाग स्वच्छ दिसत होता आणि त्याखाली नुसता करडा पट्टा होता.

डिस्कवरची जागा दाखवणारी ‘डीएफ’ ही आज्ञा दिल्यावर एकूण जागा ३.६ टेराबाइट, वापरलेली ३.४ आणि शिल्लक शून्य, असे आकडे आले. कंपन्या टेराबाइट हजाराच्या पटीत मोजतात आणि ही आज्ञा १०२४ च्या पटीत मोजते, त्यामुळे चाराचे साडेतीनच्या आसपास होतात हे मला ठाऊक होते. परंतु वजाबाकी का जुळत नाही, हे कळेना. एखादी पुसलेली फाइल कुठल्या प्रोग्रॅमने उघडी धरून ठेवली आहे का, ते ‘एलएसओएफ’ने तपासले, तसे काही नव्हते. आयनोडही, म्हणजे प्रत्येक फाइलच्या नोंदीसाठी लागणाऱ्या जागाही, भरपूर शिल्लक होते. शेवटी तीच फाइल ‘सुडो’ लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, कॉपी केली आणि ती विनातक्रार पूर्ण झाली. म्हणजे जागा होती, पण ती मला, साध्या वापरकर्त्याला, खुली नव्हती.

‘ट्यूनटूएफएस’ या आज्ञेने फाइलसिस्टिमची माहिती काढली, तेव्हा राखीव ब्लॉकची, म्हणजे डिस्कवरच्या जागेच्या राखून ठेवलेल्या ठरावीक तुकड्यांची, संख्या ४,८८,३७,७०८ अशी दिसली. एक ब्लॉक ४०९६ बाइटचा, म्हणजे ही जागा सुमारे २०० गीगाबाइट भरते. एक्स्ट-४ तयार करताना वेगळे काही सांगितले नाही, तर एकूण ब्लॉकपैकी ५ टक्के रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या प्रशासकीय खात्यासाठी, बाजूला ठेवले जातात. सिस्टिमच्या मुख्य डिस्कवर याचे मोल मोठे आहे: एखाद्या वापरकर्त्याने सगळी जागा भरून टाकली, तरी रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या सेवांना लॉग लिहिता येतात आणि प्रशासकाला आत येऊन आवराआवर करता येते.

जागा राखून ठेवण्याचे दुसरे कारण मला वाचनालयातल्या बाईंच्या कपाटांमुळे नीट उमगले. त्या प्रत्येक खणात शेवटी चार बोटे जागा मोकळी सोडतात. मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, पुढच्या वर्षीचा अंक मागच्यांच्या शेजारीच बसायला हवा ना? खण गच्च भरला, तर तो भलत्याच कपाटात जातो आणि मग शोधत बसावे लागते.” डिस्क काठोकाठ भरत आली की फाइलसिस्टिमलाही सलग ब्लॉक मिळेनासे होतात, फाइलचे तुकडे विखुरतात आणि फिरत्या तबकडीवर वाचक-टोकाला त्यांच्यामागे धावावे लागते. १९८४ साली कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या फास्ट फाइल सिस्टिमचे वर्णन प्रसिद्ध झाले, त्यात याच कारणासाठी १० टक्के जागा मोकळी ठेवण्याची पद्धत मांडलेली आहे.

माझ्या डिस्कवर फक्त स्कॅन असतात. तिच्यावर रूटची कोणतीही सेवा लिहीत नाही आणि एकदा ठेवलेली फाइल सहसा बदलत नाही. म्हणून मी ‘ट्यूनटूएफएस’नेच राखीव प्रमाण १ टक्का केले. शून्य करता आले असते, पण सलग जागेचा विचार करून तसे केले नाही. ही आज्ञा डिस्क चालू असतानाही देता येते. एका क्षणात सुमारे १६० गीगाबाइट मोकळे झाले. संगणकाच्या मुख्य डिस्कवरचे ५ टक्के मात्र मी जाणीवपूर्वक तसेच ठेवले आहेत.

रविवारी सकाळी ती फाइल पुसली आणि साध्या वापरकर्त्याच्या खात्यातूनच पुन्हा कॉपी केली. मुखपृष्ठ खालच्या किमतीच्या ओळीपर्यंत पूर्ण उतरले.