चित्त नसताना धरलेला टाळ

नववीत मराठीच्या बाईंनी ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’ हा तुकोबांचा अभंग शिकवायला घेतला आणि ‘बाईल कर्कशा’ येताच अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. बाईंनी हसू दिलं. मग १६३० च्या दुष्काळाचं सांगितलं. तेव्हा मागच्या बाकावरून आमच्यातला एक वात्रट उठला, “बाई, बायको उपाशी मेली अन् हा बरं झालं म्हणते? काहून?”

आता मार बसतो, असं आम्हाला वाटलं. बाईंनी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर पाठ्यपुस्तकात नसलेली ओळ लिहिली: ‘दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. “हेही त्यांनीच लिहिलं. लपवलं का काही?” पुढचं त्यांनी तोंडीच सांगितलं. धंदा बुडाला, लोकांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली. मग देवाचं भंगलेलं देऊळ दुरुस्त करावंसं वाटलं, आणि एकादशीला कीर्तनाला उभे राहिले. शेवटी त्यांनी फळ्यावर आणखी चार शब्द लिहिले, ‘नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं’, आणि त्याखाली इतक्या जोरात रेघ ओढली की खडूचा तुकडा पहिल्या बाकावर उडाला. “मन लागलं म्हणून कीर्तन केलं, असं नाही म्हणत ते. आधी उभे राहिले. मन मागून आलं. आणि ‘बरं झालं’ बायको गेली त्याच दिवशी म्हटलं असेल, असं समजू नका.”

परीक्षेला अर्थातच यातलं काही आलं नाही.

त्याच वर्षी बाबांची गिरणी बंद पडली. नागपुरात तेव्हा असं घर आमचं एकट्याचं नव्हतं. बाबा तुकडोजी महाराजांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाचे जुने माणूस. वस्तीतल्या समाजमंदिरात सूर्यास्ताला सामुदायिक प्रार्थना असे, सगळे ओळीत ताठ बसत, आणि प्रार्थना झाली की भजनाला खंजिरी बाबांची. महाराजांना १९४२ मध्ये इंग्रजांनी पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं होतं, ही हकीकत ते नेहमी सांगत, जणू आपण शेजारच्या कोठडीत होतो! काम गेल्यावर मात्र त्यांनी तिकडे जाणंच सोडलं. कोणी बोलवायला आलं की म्हणत, “मन नाही लागत, बाप्पा. खोटं काहून बसायचं?”

मी हे बाईंना सांगितलं. फी भरायची राहिली होती, त्या बोलण्यात ते निघालं. बाई म्हणाल्या, “बाबांना सांग, तुकोबांचं तरी आधी कुठं लागत होतं?” मी घरी जाऊन तसंच्या तसं सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. त्या आठवड्यात कधीतरी ते जाऊन बसले. गायले नाहीत. मी बाजूला बसून पाहत होतो, भजन सुरू झालं आणि त्यांचा अंगठा सतरंजीवर ठेका धरू लागला. खंजिरी हातात यायला पावसाळा उजाडला.

यानंतर सगळं सुरळीत झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. गिरणी उघडली नाही. देणी मिळाली ती फार उशिरा आणि कापून. बाबांनी चौकात तर्री-पोह्यांची गाडी लावली आणि पहाटे चारला उठून तर्री करताना भजनं म्हणू लागले, शेजाऱ्यांची झोप मोडेल इतक्या मोठ्यानं. देवाचं नाव घेतलं आणि नोकरी लागली, आजार पळाला, असल्या गोष्टी मला मोबाईलवर रोज येतात, एकवीस जणांना पाठवा या तंबीसकट. मी पाठवत नाही. बाबांना देवाकडून नेमकं काय मिळालं ते मला सांगता येणार नाही. पण ते दारूकडे वळले नाहीत आणि घरात कोणावर हात उगारला नाही. त्या वर्षी आमच्या गल्लीत ही लहान गोष्ट नव्हती.

एप्रिल २०२१ मध्ये दादा गेला. नागपुरात तेव्हा खाट मिळवता मिळवता माणूस हातचा जात होता. बाबा त्याआधीच गेले होते, ते एक बरं. संध्याकाळी आई देवापुढे बसली आणि दिवा लावून देवाला बोल लावू लागली, तेही एकेरीत. मी म्हटलं, “आई, राहू दे आज.” ती म्हणाली, “भांडाले तरी समोर कोणी पाहिजे का नाही?” भांडून झाल्यावर त्याच आवाजात तिनं प्रार्थना म्हटली, अर्धी विसरली, पुन्हा पहिल्यापासून म्हटली. आम्हीही म्हटली. माझं लक्ष लागलं नाही, तिचंही लागलं नसावं.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानं समितीला एक विनंती. मध्यंतरी शाळेत आलो होतो तेव्हा सकाळची प्रार्थना लाउडस्पीकरवर लावलेली ऐकली. रेकॉर्ड सुरेल होती आणि पोरं खाली गप्प उभी होती. ती बंद करा. पोरांना म्हणू द्या, बेसूर म्हणाली तरी चालेल, अर्धी एकमेकांना चिमटे काढत म्हणाली तरी चालेल. पेटी दुरुस्त करायची असेल तर तिचा खर्च आमची बॅच देईल, तसं आपसांत बोलून ठेवलं आहे.