बांधणीचं वय

लाल चामड्यात बांधलेली, कण्यावर सोनेरी नक्षी असलेली फ्रेंच लेखिका जॉर्ज सांदची ‘ला मार ओ दियाब्ल’ ही कादंबरी समोर आली, की बांधणीही तिच्याच वयाची वाटते. तसं सहसा नसतं. फ्रान्सच्या बेरी प्रांतातल्या शेतकऱ्यांची ही गोष्ट पॅरिसच्या देसेसार या प्रकाशकाने १८४६ साली दोन खंडांत काढली ती साध्या कागदी वेष्टनात. चामडं चढवणं हे गिऱ्हाइकाचं काम, त्याला जमेल तेव्हा. म्हणून बांधणीचं वय कळायला पुढचा पुठ्ठा उघडून आतल्या सोनेरी किनारीच्या तळाशी बाइंडरचं नाव शोधावं. अक्षरं मुंगीएवढी असतात, भिंग लागतं.

बाइंडरने बहुतेक वेळा दोन पापं केलेली असतात: वेष्टन फेकून दिलं आणि कडा छाटल्या. छाट किती खोल गेली हे पानाची उंची मिलिमीटरमध्ये मोजून दुसऱ्या प्रतीशी ताडल्याशिवाय कळत नाही. शीर्षकपानाआधीचं, नुसतं नाव छापलेलं पानही अनेकदा गायब असतं. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे धुतलेला कागद. तांबूस ठिपके घालवायला पानं सुटी करून रसायनात बुडवतात. ठिपके जातात, पण कागदाची खळही जाते. असं पान उलटताना करकरत नाही, ओल्या रुमालासारखं लोळतं. त्यापेक्षा चार ठिपके परवडले.

‘पहिली आवृत्ती’ या शब्दांचीही गंमत आहे. सांदचीच दुसरी कादंबरी ‘फ्रांस्वा ल शांपी’ वर्तमानपत्रात क्रमशः येत होती. फ्रान्समधल्या १८४८ च्या फेब्रुवारी क्रांतीने ती ऐन शेवटाजवळ अडली. पॅरिसमध्ये पुस्तक निघालं १८५० मध्ये, पण ब्रुसेल्सच्या चोरट्या छापखान्यांनी १८४८ मध्येच छापून विकलं होतं. तारखेने पाहिलं तर पहिली चोराची! संग्राहक तरीही जास्त पैसे मोजतात ते पॅरिसच्या प्रतीलाच.

त्यातून या कादंबऱ्या दोन-दोन खंडांच्या, आणि भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत खंड सुटे फिरायचे. त्यामुळे दोन्ही कणे खिडकीच्या उजेडात शेजारी ठेवून पाहावेत. हिरवं चामडं उन्हाने तपकिरी होतं. एक कणा हिरवा, दुसरा तपकिरी आणि उंचीत दोन मिलिमीटरचा फरक असेल, तर दोन घरचे खंड एकत्र नांदवलेले आहेत.