प्लिए करताना गुडघा का दुखतो?

प्लिए म्हणजे पावलं बाहेर वळवून गुडघ्यात वाकणं. बॅलेतून आलेल्या, आधार धरून करायच्या 'बार' व्यायामातली ही हालचाल.

"पावलं एका रेषेत उघडली की गुडघा कळ मारतो गं!" कॉलेज रोडच्या मैत्रिणीने आज व्हिडिओच पाठवला. पावलं बाहेर, गुडघे मात्र समोर. दुखणारच.

प्लिएमध्ये पाय खुब्यातून फिरतो, घोट्यातून नाही. टाचा जुळवून चवडे जेमतेम वीतभर उघडायचे. वाकताना गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. आत पडला, तर चवडे आणखी जवळ घ्या. टाच उचलायची नाही, पार्श्वभाग मागे काढायचा नाही.

आधाराला स्वयंपाकाचा ओटा उत्तम, फक्त बोटं टेकवा. प्लास्टिकची खुर्ची सरकते.

लॉटे बर्क या नर्तकीने १९५९ साली लंडनमध्ये हा बार व्यायाम शिकवायला सुरुवात केली. तिथेही बॅलेचं शिक्षण न झालेल्या बायका यायच्याच. मग मोबाइलवर बघून पहिल्याच दिवशी पावलं एका रेषेत उघडायची घाई कशाला?