अलिबागला जाताय ना, मग एक सकाळ सागरगडाला द्या

२०२४ च्या नोव्हेंबरात त्रिपुरी पौर्णिमेनंतरचा शनिवार-रविवार धरून मी, नवरा आणि आमची अकरा वर्षांची लेक असे तिघं अलिबागला गेलो होतो. ठरवूनच गेलेलो की या वेळी समुद्र फक्त संध्याकाळी, बाकी वेळ चालायचं. आजवर अलिबागला दहा वेळा तरी गेलो असू, पण मागे एवढा डोंगर उभा आहे आणि त्यावर गड आहे हे माहीत असून कधी पाय तिकडे वळलेच नाहीत, आणि आता वाटतं की केवढं राहून गेलं होतं.

शुक्रवारी रात्री अलिबागलाच राहिलो, तुम्हीही तसंच करा. मुंबईहून पहाटे निघून त्याच दिवशी गड करता येतो पण पोचेपर्यंत ऊन चढतं आणि कोकणातलं ऊन नोव्हेंबरातही दमवतं. सकाळी रिक्षा करून अलिबाग-पेण रस्त्यावरच्या खंडाळ्याला उतरलो. हे अलिबागचं खंडाळे गाव, घाटातलं खंडाळा नाही, मॅपमध्ये टाकताना नीट बघा. पेणकडे जाणाऱ्या एसटीनेही येता येतं, कंडक्टरला आधी सांगून ठेवायचं.

गावातून आत गेलं की थोड्या वेळाने समोर धबधबा दिसतो, पावसाळ्यात इथे तोबा गर्दी असते. आम्ही गेलो तेव्हा पाण्याची बारीक धार उरली होती. मोठी वाट चढत चढत सिद्धेश्वराच्या देवळाकडे जाते, तीच धरायची, धबधब्याच्या अंगाने शॉर्टकट वाटणाऱ्या पायवाटा दिसतात तिकडे अजिबात जाऊ नका, दगड शेवाळलेले असतात आणि खाली घसरलं तर धरायला काही नाही. पावसाळ्यात जाणार असाल तर गावात आधी विचारून घ्या, जोराच्या पावसात ओढा बघता बघता फुगतो.

सात वाजता चालायला लागलो, सिद्धेश्वराला सव्वाआठ झाले. देवळात गार सावली आहे, इथे बसून डबा खाल्ला (थालीपीठ नेली होती, गार झाली तरी चांगली लागतात). इथून पुढे चढ सोपा होतो आणि वर एकदम मोकळं पठार लागतं, तिथे सागरमाची ही छोटी वाडी आहे. एका काकूंनी लेकीला हाक मारून अंगणात बसवलं, लिंबू सरबत दिलं, पैसे घ्यायला तयार नव्हत्या, आम्ही आग्रहाने दिले. वाडीतल्या लोकांनाच पुढची वाट विचारा, पठारावर गुरांच्या वाटा इतक्या फुटल्यात की आम्ही न विचारता निघालो आणि वीस मिनिटं भलतीकडेच चाललो, शेवटी एका आजोबांनी लांबून हात करून वळवलं. आणि हो, वाडी म्हणजे लोकांचं घर आहे, मोठ्याने गाणी लावून जाऊ नका, न विचारता कुणाचे फोटो काढू नका.

पावणेदहाला गडावर. पडकी तटबंदी, देऊळ, पाण्याची टाकी, फार काही शिल्लक नाही. पण पुरंदरच्या तहात १६६५ साली महाराजांना जे २३ किल्ले द्यावे लागले त्यातला हा एक, हे लेकीला तिथेच तटावर बसून सांगितलं तर ती बराच वेळ गप्पच झाली, मग म्हणाली, "परत घेतला ना पण?" घेतला म्हटल्यावर कुठे चेहरा खुलला. गडाच्या टोकाला वानरटोक नावाचा सुटा सुळका आहे, तिथून खाली बघताना पोरांचा हात सोडू नका, कठडा वगैरे काही नाही आणि वारा खूप असतो. हवा स्वच्छ असेल तर एका बाजूला धरमतरची खाडी आणि दुसऱ्या बाजूला अलिबाग, पाण्यातला कुलाबा किल्ला आणि लांबवर खांदेरी-उंदेरी ही किल्ल्यांची बेटं, हे सगळं एका जागी उभं राहून दिसतं. बीचवर बसून समुद्र इतका मोठा कधी दिसला नव्हता.

पाणी माणशी तीन लिटर न्या, टाक्यातलं पिऊ नका. फुल पँट घाला कारण नोव्हेंबरात गवत कमरेएवढं वाळलेलं असतं आणि कुसळं मोज्यात घुसतात, आम्ही रात्री तासभर ती काढत बसलो होतो. उतरून खंडाळ्याला यायला एक वाजला.

रविवारी कुलाबा किल्ला, ओहोटीला चालत. इथे वेळेचं गणित महत्त्वाचं. किनाऱ्यावरची जुनी रीत अशी की तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ, त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. आमच्या रविवारी द्वितीया होती, म्हणजे भरती रात्री दीडला आणि ओहोटी सकाळी साडेसातच्या आसपास, बरोबर तसंच झालं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं तेव्हा पाणी खूप मागे जातं आणि चालायला छान पडतं, अष्टमीच्या सुमारास भांग (म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी) असतो तेव्हा ओहोटीलाही पाणी राहू शकतं. हा झाला अंदाज, निघायच्या आधी किनाऱ्यावर विचाराच, आणि परतायची वेळ तिथूनच ठरवून आत जा, कारण पाणी भरायला लागलं की थांबत नाही. चालायचं नसेल तर ओहोटीला घोडागाड्या जातात. आत गोड्या पाण्याची विहीर आहे, चारी बाजूंनी समुद्र आणि मधे गोडं पाणी, लेकीने तीनदा विचारलं की खरंच का.

सोबत आजी-आजोबा असतील तर सागरगडाऐवजी मापगावजवळचं डोंगरावरचं कनकेश्वराचं देऊळ करा. पायऱ्या सातशेहून जास्त आहेत पण बांधलेल्या आहेत, थांबत थांबत होतं, वर पुष्करणी आहे आणि झाडांची सावली भरपूर. पहाटेच चढा.

येण्याजाण्याबद्दल: गेटवेवरून मांडव्याला बोट आणि पुढे बस हे सगळ्यात सुखाचं, पण पावसाळ्यात या बोटी बंद असतात. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाडीसकट नेणारी बोट) आहे, २०२० पासून सुरू झालेली. रविवारी संध्याकाळी परतीला मांडव्याला प्रचंड रांग लागते, आम्ही दुपारीच निघालो म्हणून बसायला जागा मिळाली.